पेन टॅब्लेट, पेन डिस्प्ले की टॅब? कागदावर बसलेल्या हाताने केलेली तुलना

कोल्हापुरात चित्रकला शिकलेल्या माणसाचा हात बहुधा कागदावर घडलेला असतो. कलानिकेतनमध्ये शिकलेला असो वा दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये, रंकाळ्यावर आणि पंचगंगेच्या घाटावर बसून केलेली स्केचेस प्रत्येकाच्या जुन्या वह्यांत सापडतात. काम मात्र पुढे मिळते ते फ्लेक्सचे, लग्नपत्रिकांचे, मुलांच्या पुस्तकांतील चित्रांचे किंवा गुजरीतील सराफांसाठी दागिन्यांच्या आराखड्यांचे, आणि ते सगळे संगणकावर करून द्यावे लागते. त्यासाठीची साधने तीन: संगणकाला जोडायचे, स्वतःचा पडदा नसलेले पॅड म्हणजे पेन टॅब्लेट; ज्याच्या पडद्यावरच पेनाने काढता येते तो पेन डिस्प्ले; आणि संगणकाविना चालणारा टॅब. यांचे डिजिटल पेन पारखताना मी एकच गोष्ट पाहतो: कागदावर कमावलेली रेघ या पेनातून जशीच्या तशी उतरते का?

खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा दाबाच्या पातळ्यांचा, म्हणजे हाताच्या दाबातले किती टप्पे पेनाला ओळखता येतात याचा, असतो. वाकॉम कंपनीच्या वन बाय वाकॉम या पॅडमध्ये त्या २०४८ आहेत, तिच्याच इंटुऑसमध्ये ४०९६, ह्युऑनच्या एच६४०पी आणि एक्सपी-पेनच्या डेको ०१ व्ही२ मध्ये ८१९२, आणि अलीकडच्या काही पेनांत तर १६३८४. माझ्या मते ४०९६ च्या पुढचा फरक हाताला जाणवत नाही. तो जाहिरातीपुरताच आहे. हाताला जाणवते ते वेगळेच, आणि ते खोक्यावर क्वचितच छापलेले असते. पेन किती हलके टेकवल्यावर रेघ सुरू होते, हे पाहायला हवे. व्यक्तिचित्रात भुवईचे केस काढताना पेन्सिल कागदाला जेमतेम स्पर्श करून उचलली जाते आणि रेघेचे टोक विरत जाते. ज्या पेनाला रेघ सुरू करायलाच दाबावे लागते, त्यातून तो केस तारेच्या तुकड्यासारखा बोथट उमटतो, मग पातळ्या कितीही असोत.

दुसरी परीक्षा पट्टीची. पडद्यावर किंवा पॅडवर पट्टी तिरपी धरून अगदी सावकाश रेघ ओढावी. काही पेनांची रेघ अशा वेळी नागमोडी होते. वेगाने ओढल्यास हा दोष झाकला जातो, आणि दुकानात उत्साहाने मारलेल्या फटकाऱ्यांत तो कधीच दिसत नाही. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमधील ब्रशचे स्टॅबिलायझेशन, म्हणजे रेघ आपोआप गुळगुळीत करण्याची सोय, आधी बंद करावे, नाहीतर सॉफ्टवेअर परस्पर रेघ सुधारून देते आणि परीक्षेला अर्थ उरत नाही. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत खरेदीला जाताना आपला लॅपटॉप सोबत न्यावा आणि उघडलेला नग जोडून मागावा. खोके फोडायला दुकानदार तयार नसेल, तर ज्या मित्राकडे तेच मॉडेल आहे त्याच्याकडे तासभर बसून यावे.

रेघेच्या या गुणात १९८३ साली जपानमध्ये स्थापन झालेल्या वाकॉमचा लौकिक अजून टिकून आहे. त्यांच्या पद्धतीत पॅडखालच्या तारांच्या जाळीतून विद्युतचुंबकीय लहरी सोडल्या जातात आणि पेनातील कॉइल (तारेचे वेटोळे) त्यांतूनच आपल्यापुरती ऊर्जा घेते, त्यामुळे पेनात बॅटरी नसते आणि चार्जिंगची कटकटही नसते. बॅटरीविना चालणारी पेने आता ह्युऑन आणि एक्सपी-पेनही देतात, आणि तेवढ्याच पैशांत त्यांचे पॅड बरेच मोठे मिळते. नवख्याने वाकॉमचे छोटे पॅड घ्यावे की या दोघांपैकी एकाचे मोठे, असे मला विचारले तर मी दुसरा पर्याय सुचवतो, कारण आकाराचा परिणाम रोजच्या कामावर होतो.

इंटुऑस स्मॉलचे कामाचे क्षेत्र १५२ गुणिले ९५ मिलिमीटर आहे. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण ३४५ गुणिले १९४ मिलिमीटर असतो. म्हणजे हात एक सेंटिमीटर सरकला की पडद्यावर रेघ सव्वादोन सेंटिमीटर धावते, आणि हाताची बारीकशी थरथरही तेवढ्याच पटीने मोठी दिसते. डेको ०१ व्ही२ चे क्षेत्र १० गुणिले ६.२५ इंच असल्याने हेच प्रमाण दीडपटीच्याही आत राहते, आणि मनगटाऐवजी कोपरापासून हात फिरवण्याची सवय मोडत नाही. आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. पॅडचे प्रमाण १६:१० आणि पडद्याचे १६:९ असेल, तर हाताने अचूक काढलेले वर्तुळ पडद्यावर आडवे लंबगोल होते. छोट्या इंटुऑसवर ही ताण सुमारे अकरा टक्के भरते. कोल्हापुरी साजाची पाने किंवा ठुशीचे मणी काढणाऱ्याला इतकी चूक परवडत नाही. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पॅड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रमाण कायम राखण्याची खूण असते, ती पहिल्याच दिवशी करावी.

पडद्याविना पॅडवर काढताना नजर एकीकडे आणि हात दुसरीकडे राहतो, ही तक्रार खरी आहे. पण काही आठवड्यांच्या सरावाने ती बहुतेकांची मिटते. ज्यांची मिटत नाही किंवा ज्यांचे काम दिवसभर आउटलाइनचेच आहे, त्यांच्यासाठी पेन डिस्प्ले. इथे काचेची जाडी पाहावी. पडदा आणि काच यांत पोकळी असेल तर पेनाचे टोक आणि उमटणारी रेघ यांत अंतर दिसते. ह्युऑनच्या कामवास १३ मध्ये काच पडद्याला चिकटवलेली असल्याने ते अंतर नगण्य आहे. २०१९ मध्ये आलेल्या वाकॉम सिंटिक १६ मध्ये तशी रचना नव्हती, पेन मात्र सरस होते. दोन्ही पडदे १९२० गुणिले १०८० पिक्सेलचेच असल्याने १३ इंचांवरचे चित्र अधिक रेखीव वाटते.

टॅबची गोष्ट निराळी, कारण त्याला लॅपटॉप लागत नाही. आयपॅड आणि ॲपल पेन्सिल यांची रेघ उत्तम आहे, त्यात वाद नाही, आणि प्रोक्रिएट हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर एकदाच पैसे भरून मिळते. परंतु पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते आणि कोणत्या आयपॅडला कोणती चालते याचा घोळ मोठा आहे. २०२३ मध्ये आलेल्या यूएसबी-सी पेन्सिलीला दाब कळतच नाही. ती टिपणे काढायला ठीक, चित्रकाराने घेऊ नये. सॅमसंगच्या गॅलॅक्सी टॅब एस६ लाइटसोबत एस पेन खोक्यातच येते, तिला चार्जिंग लागत नाही आणि दाबाच्या ४०९६ पातळ्या मिळतात. शाळकरी मुलांसाठी आणि बाहेर स्केच करणाऱ्यांसाठी मला ती जोडी सर्वांत व्यवहारी वाटते. रबरी टोकाच्या स्वस्त स्टायलसबद्दल न लिहिलेलेच बरे.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा मात्र विचार करायला हवा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तळहात काचेला चिकटतो आणि लांब रेघ मध्येच अडखळते; करंगळी आणि अनामिका झाकणारा हातमोजा त्यावर पुरेसा आहे. कागदासारखी खरखरीत फिल्म लावल्यास पकड छान येते, पण निब, म्हणजे पेनाचे बदलता येणारे टोक, लवकर झिजते आणि पडद्यावर किंचित दाणेदारपणा येतो. निब एका बाजूने छिन्नीसारखी धारदार झाली की लगेच बदलावी, कारण तशी निब पृष्ठभागावर कायमचे ओरखडे पाडते.

माझ्याकडे सध्या मोठे, पडद्याविना पॅड आणि विनामूल्य मिळणारे क्रिटा हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर एवढेच आहे, आणि पुस्तकांच्या कामाला ते पुरते. जुना टॅब्लेट घेण्याचा विचार असेल तर त्याच्यासोबत मूळ पेन आहे याची खात्री करूनच पैसे द्यावेत; एका मॉडेलचे पेन त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलवर चालेलच असे नाही, आणि नुसते पेन वेगळे मागवायला गेल्यास स्वस्तात मिळालेल्या पॅडचा फायदा तिथेच संपतो.