नागावचा बंगला: जागा झकास, पण निघताना झाडू कुणी मारायचा?

बंगल्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मालक फोनवर अदबीनं बोलणारा माणूस आहे आणि माझी तक्रार त्याच्या एकट्यापुरती नाही. अलिबागकडे भाड्याचे बंगले घेऊन राहिलेल्या ओळखीतल्या बऱ्याच जणांकडून मी हेच ऐकलंय.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं पुष्कळ आहे. चिऱ्याचा बंगला, तीन बेडरूम, मागे नारळ-सुपारीची वाडी, पुढे लहानसा पूल. पोहायला नाही, डुंबायला. समुद्र चालत दहा मिनिटांवर, सुरूच्या बनातून वाट. गाद्या जाड, तिन्ही गिझर चालू, पाण्याला जोर. आम्ही लहान-मोठी मिळून अकरा माणसं होतो आणि आंघोळीसाठी एकदाही रांग लागली नाही, यातच काय ते समजा. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये कंबरडं मोडून घेण्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रो बोटीत चढवली आणि मांडव्याला उतरलो. पोरांना विचाराल तर सहलीतला सगळ्यात भारी भाग तोच, बंगला वगैरे नंतर.

जेवण बंगल्यावरच्या मावशी करतात. (नाव विचारलं होतं, पण इथे मावशीच म्हणते.) सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. भाकरी तव्यावरून थेट ताटात. रात्री वाडीत पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन, वर पुन्हा पाला, मग मडकं उपडं आणि भोवती पेंढा-लाकडांचा जाळ. ही चव हॉटेलात मिळत नाही, कितीही पैसे मोजा. इथपर्यंत पाचपैकी पाच.

आता फ्रिजवरची यादी.

लॅमिनेट केलेला कागद, चुंबकानं चिकटवलेला. निघण्याआधी सगळ्या चादरी आणि उशांचे अभ्रे काढून बादलीत टाकावेत. टॉवेल बाथरूममध्ये जमा करावेत. भांडी घासून, पुसून जागेवर लावावीत. फ्रिज रिकामा करून पुसावा. ओटा आणि गॅस स्वच्छ करावा. खोल्यांचा केर काढावा. पूलभोवतीची वाळू झाडावी. कचरा कोपऱ्यावरच्या कुंडीत नेऊन टाकावा. एसी, गिझर, पंप बंद करावेत. फाटक लावावं. यातलं काही राहिलं तर डिपॉझिटमधून पाचशे रुपये कापले जातील. आणि हे सगळं सकाळी दहाच्या आत.

बुकिंगच्या बिलात ‘सफाई शुल्क, रु. १,५००’ अशी वेगळी ओळ होती. ती नसती तर मी हे लिहायलाच बसले नसते.

मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. पाहुणा गेल्यावर खोलीचं काय होतं, त्यातलं कुठलं काम किती वेळ खातं आणि पाहुण्यानं केलेली कुठली मदत खरं म्हणजे अडचण असते, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. म्हणून ही यादी वाचताना मला राग कमी आणि हसू जास्त आलं. त्यातली अर्धी कामं पाहुण्यानं करूच नयेत अशी आहेत, आणि जे खरंच करायला हवं त्यातलं निम्मं यादीत नाही.

चादरींचंच घ्या. आमच्या भाच्यानं सकाळी उत्साहानं तिन्ही खोल्यांतल्या चादरी ओढून त्यांचं एक मोठं गाठोडं केलं. मावशींनी ते बघितलं, काही बोलल्या नाहीत, खाली बसल्या आणि एकेक चादर पुन्हा उलगडायला लागल्या. मी शेजारी बसले. दुसऱ्याच चादरीवर हळदीचा हात उमटलेला, कुणीतरी पोरानं पोपटीचं चिकन खाऊन पुसलेला. तेल ओलंच होतं आणि घडीतून आणखी दोन चादरींना लागलं होतं. "ताई, तुम्ही काढूच नका चादरी," मावशी म्हणाल्या. "गादीवर असली की डाग कुठं आहे ते दिसतं. गाठोड्यात गेली की शोधायला लागतो, नाहीतर तसाच धोब्याकडं जातो." मग पुढचं मला ठाऊकच होतं: हळदीला साबण लागला की डाग लाल होतो आणि बघणाऱ्याला वाटतं, आता संपलंच. पण धुऊन कडक उन्हात टाकला तर हळद उडते. राहतो तो तेलाचा डाग, त्यावर आधीच काहीतरी करावं लागतं. हॉटेलातही आम्ही डागाचं कापड वेगळं काढून त्याला गाठ मारायचो, म्हणजे लॉंड्रीवाल्याला लांबून कळायचं. पाहुण्यानं स्वतःहून चादर काढली की ही सगळी साखळी तुटते. शिवाय गाठोड्यात काय काय जातं! चार्जर, पायमोजे, कानातलं. आमच्याही गाठोड्यातून चष्म्याची डबी निघाली.

आणि दुसरं टोक म्हणजे सासूबाई. त्यांनी झोपल्या तो पलंग इतका चापूनचोपून लावून ठेवला की तो वापरलाय की नाही ते कळेना. कुणी झोपून गेलंय की नाही कळलं नाही की सगळ्यात धोका. घाईच्या दिवशी ती चादर बदलायची राहून जाते आणि पुढचा पाहुणा कुणाच्या तरी केसांवर डोकं ठेवतो. पलंग वापरला असेल तर विस्कटलेला दिसू द्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सासूबाईंचा मुद्दा मात्र वेगळा होता. "आपल्यामागं कुणी नावं ठेवायला नकोत." त्यांनी पहाटे उठून ओटा घासला, गॅसच्या कळा पुसल्या, सिंकच्या जाळीतला गाळ काढला. भाचा म्हणाला, "आजी, पंधराशे भरलेत आपण." यावर सासूबाईंनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. मी दोघांच्या मध्ये आहे, आणि याचा न्याय माझ्या मते बराच सोपा आहे: जे काम दुपारपर्यंत थांबलं तर बिघडतं, ते पाहुण्यानं करावं. जे तसंच राहिलं तरी तेवढंच राहतं, त्याला हात लावू नये.

ओला टॉवेल गादीवर पडला तर दोन तासांत गादी ओली होते. कोकणच्या हवेत ती दिवसभर वाळत नाही आणि मग जो कुबट वास बसतो तो जात नाही. म्हणून टॉवेल दांडीवर किंवा फरशीवर. हे यादीत होतं, बरोबर होतं. उष्टं ताटात राहिलं तर मुंग्या लागतात, आणि बंगला वाडीत असेल तर मुंग्याच येतील असं नाही. म्हणून खरकटं काढायचं आणि ताटांत पाणी ओतायचं. घासायची नाहीत, मावशी तशाही सगळी पुन्हा घासतात, मी बघितलं. माशांची डोकी-काटे उघडे ठेवलेत तर मांजर पिशवी फाडून अंगणभर करतं. पोपटीची राख गरम असताना कुणी पाल्यापाचोळ्यात लोटू नये, वरून पाणी मारून जागीच सोडावी. शहाळ्यांची करवंटी वाडीत भिरकावू नये, तिच्यात पाणी साचून डास होतात. राख आणि शहाळी, दोन्ही यादीत नव्हती. तिथल्या माणसाला पाहुण्याकडून खरंच जे हवं ते लिहायला यादी करणाऱ्यानं मावशींना विचारलं असतं तरी पुरलं असतं.

केर काढणं? नको. वाळू आहे ती, पुसून निघते आणि पुसण्याचेच पैसे भरलेत. फक्त पूलमधून निघाल्यावर पाय धुऊन आत यायचं, पोरांनासुद्धा तीन वेळा ओरडून सांगायचं, एवढं पुरे.

सगळ्यात वैतागवाणं काम कचऱ्याचं. बंगल्यात एकच मोठा डबा, त्याला काळी पिशवी. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा द्यायचा हे २०१६ च्या घनकचरा नियमांपासून चालत आलंय. ठाण्याला आमच्या सोसायटीत न वेगळा केलेला कचरा उचललाच जात नाही. इथे मात्र शेंगांची सालं, चिकनची हाडं, दुधाच्या पिशव्या, लहान बाळाचे डायपर सगळं एकत्र. ते घेऊन आम्ही कोपऱ्यावर जायचं, म्हणजे तिथल्या कुत्र्यांची सोय करायची. मावशी म्हणाल्या, "राहू द्या, गाडी येते तेव्हा मी देते." आम्ही राहू दिलं. आदल्या रात्रीच घरून आणलेल्या पिशव्यांत ओलं वेगळं, बाटल्या-पाकिटं वेगळी करून ठेवली होती. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून तिसरीकडे. हे मात्र मी प्रत्येक पाहुण्याला सांगेन, कुणी यादी देवो न देवो. असलं काही कमोडमध्ये टाकू नका. तिथं शहरासारखी गटारं नाहीत, सेप्टिक टाकी आहे. ती तुंबली की पुढच्या पाहुण्याची सहल बुडते आणि साफ करायला माणूस आणावा लागतो.

डिपॉझिटमधून पाचशे कापले गेले, कारण कचरा कोपऱ्यावर गेला नव्हता. मी फोन केला. मालक म्हणाला, "मॅडम, ती यादी पिणाऱ्या ग्रुपसाठी आहे. फॅमिलीनं मनावर घेऊ नये." म्हटलं, मग फॅमिलीचे पाचशे तरी कशाला घेतलेत? संध्याकाळी ते पैसे परत आले.

त्याची बाजूही ऐकली. पूलमध्ये फुटलेली बाटली, पलंगावर केक, भिंतीवर रंगपंचमी, सगळं झालंय त्याच्याकडे. शनिवार-रविवारी दहाला एक टोळी बाहेर, एकला दुसरी आत, आणि मध्ये एकट्या मावशी. तीन बेडरूम, स्वयंपाकघर, पूल, अंगण एका बाईनं तीन तासांत? हॉटेलात पाहुणा सोडून गेलेली एक खोली नीट करायला आम्ही साधारण अर्धा तास धरायचो, तीही सगळं सामान ट्रॉलीवर हाताशी असताना. हा हिशोब बसतच नाही. पण तो पाहुण्याकडून केर काढून बसवायचा नसतो. शनिवारी दुसरी बाई बोलवायची असते, आणि त्यासाठीच तर पंधराशे घेतात. मावशींना त्यातलं काय मिळतं म्हणून विचारलं. महिन्याचा पगार मिळतो, सफाईचं वेगळं काही नाही, म्हणाल्या. निघताना आम्ही त्यांच्या हातात वेगळे पैसे दिले. मालकाला सांगू नका असं त्यांनीच सांगितलं, म्हणून आकडा लिहीत नाही.

माझा भाऊ स्वीडनमध्ये असतो. तिथे उन्हाळ्यात जंगलातली लाकडी घरं भाड्यानं घेतात तेव्हा चादरीसुद्धा घरून न्यायच्या किंवा भाड्यानं घ्यायच्या, आणि शेवटची सफाई एकतर स्वतः करायची नाहीतर आधीच विकत घ्यायची. तो अख्खं घर पुसून, कमोड घासून किल्ली ठेवून येतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण सफाईचे पैसे त्यानं भरलेलेच नसतात. दोन्हींपैकी एक. एअरबीएनबीलाही २०२२ च्या नोव्हेंबरात जाहीर करावं लागलं की दिवे बंद करा, उष्टं कचऱ्यात टाका, दार लावा एवढं सांगणं ठीक, पण पाहुण्याला चादरी काढायला किंवा व्हॅक्यूम मारायला लावू नका. आपल्याकडे थेट फोनवर बुकिंग होतं, वर कुणी सांगणारा नसतो, म्हणून हे आपणच विचारून घ्यायला हवं.

घरगुती सोय असेल तर माझी वागणूक वेगळी असते, हेही सांगते. जिथं घरातलीच बाई रांधते, वाढते आणि तिची पोरं पडवीत अभ्यास करत बसलेली असतात, तिथं माझं ताट मी उचलून मोरीत नेते, कुणी सांगायला लागत नाही. तिथं यादी लावली तर मलाच वाईट वाटेल. पण ते घर असतं. बावीस हजारांचा बंगला हा धंदा आहे, आणि धंद्यात घेतलेल्या पैशाचं काम द्यावं लागतं.

तर पाचपैकी साडेतीन. जागेला पाच, मावशींना सहा, यादीला एक, तोही टॉवेलांसाठी. पुन्हा जाईन का? जाईन, पण फोनवर दोन गोष्टी ठरवून: सफाईचे पैसे भरणार असू तर यादी आम्हाला लागू नाही, आणि निघायची वेळ दहाऐवजी अकरा. मधल्या वारी गेलात तर दुसरं सहज मिळतं, भाडंही उतरतं.

पोपटी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, वालाच्या शेंगा थंडीतच असतात. कचऱ्याच्या पिशव्या घरून न्या. आत दोन गाड्या मावतात. तिसरी नेलीत तर ती रस्त्यावर राहील, आणि समोरून टेम्पो आला की रात्री अकरालाही उठून काढावी लागेल.