लोकर कातायची टकळी : कताईचं चाक घेण्याआधी हिच्यावर हात बसवा

विणकाम करणाऱ्याला कधी ना कधी वाटतंच, की हा धागाही आपणच कातला तर? मीही त्याच ओढीने ही टकळी घेतली. लाकडी आहे, चकती वरच्या बाजूला, टोकाला पितळी आकडी, वजन ५० ग्रॅमच्या आसपास. वस्तू चांगली आहे. टकळी घेताना बरेच जण लाकडाचा रंग आणि नक्षी बघतात, पण आधी बघावं ते चकतीचं वजन कुठे आहे.

हिची चकती मध्यभागी पातळ तासलेली आणि कडेला जाड ठेवलेली आहे. वजन कडेला असलं की एका गिरकीत टकळी बराच वेळ फिरत राहते. हेच वजन मध्यभागी असतं तर ती सुरुवातीला भर्रकन फिरली असती आणि लगेच मंदावली असती. बारीक धाग्याला पीळ जास्त लागतो, तिथे तशी टकळी बरी. शिकणाऱ्याला मात्र सावकाश, लांबवर फिरणारीच हवी. पीळ वर चढताना डोळ्यांना दिसतो आणि हाताला तंतू ओढायला उसंत मिळते. दांडाही अगदी सरळ आहे, फिरताना जराही थरथरत नाही.

५० ग्रॅम वजन मध्यम जाडीच्या धाग्याला नेमकं बसतं. बारीक कातायला गेलं की तेच वजन नडतं, धागा तुटतो. फार हलकी टकळी घेतली तर जाड धाग्याचा पीळ तिलाच उलटं फिरवतो. शिवाय धागा गुंडाळत जाल तसं वजन वाढतं, म्हणून गच्च भरायची वाट न बघता धागा उतरवून घ्यावा.

आता खटकलेलं. चकतीच्या कडेला खाच नाही. धागा आकडीकडे जाताना कडेवरून घसरतो आणि गिरकी वाया जाते. मी बारीक कानशीने खाच पाडून पॉलिश पेपरने घासून घेतली, तेव्हापासून त्रास नाही. पण हे काम बनवणाऱ्याचं आहे.

दुसरं म्हणजे सोबत दिलेली लोकर. ती मेरिनो जातीच्या मेंढीची विंचरलेली लोकर आहे : तंतू साधारण १८ ते २४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे, मऊ आणि निसरडे. नवख्या हातातून ती सुळकन निसटते, टकळी खाली आदळते आणि उत्साह मावळतो. त्याऐवजी कॉरिडेल जातीच्या मेंढीची द्यायला हवी होती. तिचे तंतू थोडे जाड, लांब आणि एकमेकांना धरून राहणारे असतात.

शिकताना एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. टकळीला गिरकी द्यायची, पीळ साठला की ती गुडघ्यांत धरून ठेवायची आणि मग निवांत तंतू ओढायचे. वरच्या हाताजवळ तंतूंचा छोटा त्रिकोण होतो. खालच्या हाताची चिमूट सैल केली की पीळ सरसर त्या त्रिकोणात शिरतो आणि भुसभुशीत लोकरीचा पक्का धागा होतो. ते बघायला मला अजूनही फार आवडतं! लोकर ओढूनही हलत नसेल तर जोर लावू नका, हात लांब घ्या. दोन्ही हातांतलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा कमी असेल तर एकाच तंतूची दोन टोकं तुम्ही धरून बसलेले असता.

कातलेले दोन धागे उलट्या दिशेने एकत्र पिळून दुपदरी करायचे, मग लडी कोमट पाण्यात भिजवायची. चोळायचं अजिबात नाही, तंतू एकमेकांत गुंतून लोकरीचा घट्ट नमदा होतो. नुसती दाबून पाणी काढायचं आणि टांगून वाळवायची. लडी सैल धरल्यावर स्वतःभोवती गुरफटली नाही, तर दोन्ही पीळ जमलेत असं समजा.

दुपदरी करायला ही टकळी लहान पडते, लगेच भरते. त्यासाठी मी याच बनावटीची ८० ग्रॅमची घेणार आहे, कडेला खाच आहे का ते आधी विचारून.