हिऱ्याचा बीम मॉनिटर: धुळ्यातला आठ महिन्यांचा अनुभव

डबी उघडली तेव्हा प्रयोगशाळेतले नाना वाकून म्हणाले, "हाई हिरा से?" त्यांची शंका रास्त होती. नखाएवढी करडी चकती, चमक नावाला नाही. सीव्हीडी पद्धतीने, म्हणजे वायूतून थर जमवून, वाढवलेला बहुस्फटिकी (बारीक स्फटिककणांचा) हिरा, जाडी ५० मायक्रॉन, वर धातूच्या थराचे चार सारखे तुकडे, म्हणजे चतुर्थांश.

आमचं दुखणं जुनं. तांब्याचं लक्ष्य असलेल्या ट्यूबचा एक्स-रे बीम (किरणांचा झोत), आणि सकाळचा आलेख दुपारच्याशी जुळायचा नाही. खापर नेहमी नमुना बसवणाऱ्या पोरावर. शेवटी बीम नेमका कुठे पडतो ते कळावं म्हणून हिरा त्याच्या वाटेतच कायमचा बसवला. ८ केईव्ही या आमच्या किरणांच्या ऊर्जेला तो जेमतेम ८ टक्के बीम खातो, उरलेला नमुन्यावर जातो. एक्स-रे पडले की हिऱ्यातून बारीक वीजप्रवाह वाहतो; चारही तुकड्यांचे प्रवाह मोजायचे, डाव्यातून उजवे वजा करून एकूण बेरजेने भागायचं, वर-खालीसाठीही तसंच. त्यामुळे ट्यूबचा करंट कमी-जास्त झाला म्हणून बीम सरकल्याचा भास होत नाही.

एप्रिलमध्ये चोर सापडला. ऊन चढलं की बीम खाली सरकताना दिसायचा, रात्री परत जागेवर. खरं तर बीम हलतच नव्हता, खांब वाढत होता! हिरा आणि नमुना ३० सेंटिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या खांबावर, ट्यूब बिडाच्या बैठकीवर. १० अंश तापमान वाढलं की असा खांब साधारण ७० मायक्रॉन वाढतो. तेवढ्याच उंचीचं बीड त्याच्या निम्मंच. तेव्हापासून नाजूक मोजणी पहाटे.

आता तक्रारी. प्रवाह नॅनोअँपिअरचे, त्यामुळे कूलरची ओली हवा सुटली की जोडण्यांवरून गळती होऊन बीम नसतानाचं वाचन शून्याच्या वर चढतं. धुळ्याच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवा म्हणणं म्हणजे भांडणच. सिलिका जेलची डबी लावल्यावर निभावलं. दुसरं, सकाळी बीम सोडला की हिऱ्यातले दोष विद्युतभाराने भरेपर्यंत प्रवाह चढत राहतो. तोवरची वाचनं फेकायची. आणि हिऱ्यातल्या कणाकणाचा प्रतिसाद वेगळा, म्हणून एकाच ठिकाणी अंशांकन (कॅलिब्रेशन) करून भागत नाही. एकस्फटिकी (एकाच सलग स्फटिकाचा) घेतला असता तर हा त्रास वाचला असता, पण खिसा बघावा लागतो.

तांब्याच्या पाचपट उष्णता वाहून नेतो म्हणून सिंक्रोट्रॉनवाले, म्हणजे फार प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रांवरचे लोक, हिऱ्यावर खूश असतात. आमच्या ट्यूबला त्याचं काय! आम्हाला सुख वेगळंच: ट्यूबलाइट चालू असली तरी वाचन हलत नाही. आधीच्या सिलिकॉनच्या मॉनिटरला उजेड चालायचा नाही, काळा पडदा लागायचा.

तिसऱ्या चतुर्थांशाची तार मात्र पुन्हा सैल झाली आहे.