टॉवर नसलेल्या विमानतळावर शिरायचं कुठून: पंचेचाळीस अंशातून, धावपट्टी ओलांडून की थेट फायनलला?

अमेरिकेत हौसेने उडणाऱ्या किंवा पुण्या-मुंबईहून तिकडे उड्डाणाचे तास भरायला गेलेल्या मंडळींपुढे हा प्रश्न लवकरच येतो. तिथे सार्वजनिक वापराच्या सुमारे पाच हजार विमानतळांपैकी हवाई वाहतूक नियंत्रणाचा टॉवर आहे तो साधारण पाचशे ठिकाणी. बाकी सगळीकडे ‘आता उतरा’ म्हणणारं कोणी नसतं. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर आपापली जागा सांगतात आणि एकमेकांना सांभाळून घेतात. सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीलगत घ्यायच्या आयताकृती फेरीत, वळणं कुठल्या बाजूला घ्यायची हे नियमात आहे, वेगळी खूण नसेल तर डावीकडे. पण सर्किटमध्ये शिरायचं कुठून याची तिथली विमान वाहतूक नियामक संस्था एफएए सक्ती करत नाही, फक्त आपली पसंती सांगते. निवड तुमच्यावर आहे.

मी ती एकाच कसोटीवर करतो: बाकीचे पायलट जिथे बघत असतात तिथे मी आहे का?

या कसोटीवर पंचेचाळीस अंशाचा प्रवेश सरळ जिंकतो. जमिनीपासून साधारण १००० फुटांवर, समपातळीत, डाउनविंडच्या (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जाणाऱ्या बाजूच्या) मध्यावर तिरकं शिरायचं. पूर्ण डाउनविंड समोरच्या काचेत दिसते, आणि तिथली विमानं जवळपास तुमच्याच दिशेने चाललेली असल्यामुळे अंतर हळू कमी होतं. अट एकच, उंची बाहेरच गाठायची. उतरत उतरत डाउनविंडमध्ये घुसणाऱ्याला पंख खाली असलेल्या पायपरमधून खालचं विमान दिसत नाही, आणि खालच्या सेसनाच्या डोक्यावर तिचाच पंख असतो, त्यामुळे तिलाही वरचं दिसत नाही. दोघांचे डोळे उघडे असूनही दोघे आंधळे.

थेट फायनलचा, म्हणजे सर्किट न करता धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरत येण्याचा, मोह मोठा असतो. दहा मैलांवरून धावपट्टी समोर दिसते, पाच-सात मिनिटं वाचतात, आणि हे पूर्ण कायदेशीरही आहे. पण १८ ऑगस्ट २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या वॉट्सनव्हिलला काय झालं ते बघा. एक सेसना १५२ सर्किटमध्ये होती. दोन इंजिनांची सेसना ३४० दहा मैलांपासून थेट येत होती, तेही सुमारे १८० नॉटने (ताशी सागरी मैल). दोघेही रेडिओवर बोलत होते. छोट्या विमानाच्या पायलटने मागून येणारं विमान पाहिलं, ते फार वेगात आहे असं सांगितलं आणि गो-अराउंड करतो, म्हणजे न उतरता पुन्हा वर जातो, म्हणाला. तरीही धडक झाली. तिघे गेले. थेट येणाऱ्या पायलटने समोरचं विमान पाहून टाळलं नाही, असं अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने कारण दिलं.

थोडा हिशेब करू. १८० नॉटचं विमान ७० नॉटच्या विमानाला मागून गाठताना दर सेकंदाला सुमारे ५७ मीटर अंतर खातं. विमान नजरेला पडणं, ते काय आहे हे कळणं, ठरवणं आणि आपलं विमान वळणं, यासाठी एफएए साडेबारा सेकंद धरते. म्हणजे सातशे मीटरच्या आत दिसलं तर दिसून उपयोग नाही. आणि बेसवरून (डाउनविंड आणि फायनल यांच्यामधल्या आडव्या बाजूवरून) फायनलला वळणारा विद्यार्थी बघत असतो धावपट्टीकडे, मागे नाही.

इथे हक्काचा वाद निघतो. फायनलवरच्या विमानाला प्राधान्य आहे, आणि दोन विमानं उतरायला येत असतील तर खालच्याला, पण त्याचा फायदा घेऊन पुढे घुसायचं नाही. पाच मैलांवरचा माणूस ‘मी फायनलवर आहे’ म्हणून हक्क सांगू लागला तर माझ्या मते ती दादागिरीच. सर्किटचा ओघ मोडू नये हे थेट येणाऱ्याने पाहायचं असतं. इन्स्ट्रुमेंट अप्रोचचा, म्हणजे उपकरणांच्या आधारे उतरण्याचा, सराव करत असाल तर अप्रोचमधल्या बिंदूचं नाव सांगू नका, सर्किटमधल्या नवशिक्याला ते ठाऊक नसतं. ‘उत्तरेला पाच मैल’ सगळ्यांना कळतं. सर्किट रिकामं असेल, वेग तिथल्या विमानांइतका उतरवलेला असेल, तर थेट या. कोणी बेसवर आहे असं ऐकू आलं की मोडून बाजूला व्हा आणि रांगेत या.

चुकीच्या, म्हणजे डाउनविंडच्या विरुद्ध, बाजूने येत असाल तर धावपट्टी ओलांडण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात सर्किटच्या ५०० फूट वरून मधोमध ओलांडायचं, दोनेक मैल पुढे जाऊन उतरायचं आणि उजवीकडे मोठं वळण घेऊन पंचेचाळीस अंशावर यायचं. कागदावर छान दिसतं. पण जेट आणि टर्बोप्रॉपचं सर्किट १५०० फुटांवर असतं, म्हणजे तुम्ही नेमके त्यांच्याच उंचीवर. शिवाय त्या वळणात पंख वर असलेल्या विमानाचा खाली झुकलेला पंख सर्किटच झाकतो. दुसऱ्यात सर्किटच्याच उंचीवर ओलांडून सरळ डाउनविंडला वळायचं. कॅनडात शिकलेल्यांना हे सवयीचं वाटेल. यात तुम्ही सर्किटकडे पाठ कधीच करत नाही, म्हणून एक-दोनच विमानं असतील तर मी हेच घेईन. मात्र पंचेचाळीस अंशातून येणारा जवळपास समोरून येतो, वाट त्याला द्यायची. गर्दी असेल तर दोन्ही प्रकार सोडून बाहेरून वळसा घालावा.

रेडिओवर किती विसंबायचं? १९ नोव्हेंबर १९९६ ला इलिनॉयमधल्या क्विन्सीला उतरणाऱ्या बीच १९०० या प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी विचारलं की धावपट्टीवरचं विमान थांबणार आहे का. उत्तर दिलं त्या विमानाच्या मागे थांबलेल्या छोट्या चेरोकीने. ते धावपट्टीवरच्या किंग एअरचं आहे असा बीचच्या वैमानिकांचा समज झाला. दोन धावपट्ट्यांच्या छेदावर दोन्ही विमानं आदळली आणि चौदाही जण गेले. उत्तर मिळालं तरी ते कोणाचं हे नावानिशी पक्कं करायला हवं.

उपकरण घ्यायचं तर आधी एडीएस-बी आउट, म्हणजे आपली जागा आपोआप प्रसारित करणारं यंत्र, मग इतरांची जागा दाखवणारा, टॅबलेटला जोडायचा रिसीव्हर. नुसत्या रिसीव्हरवर अर्धवट चित्र दिसतं, कारण रडारवरून पकडलेल्या विमानांची माहिती जमिनीवरची केंद्रं आउट असलेल्या विमानांच्या आसपासचीच पाठवतात. तुमच्याकडे आउट नसेल तर ती मिळणं शेजारच्या कोणाच्या कृपेवर. २०२० पासून आउट सक्तीचं आहे ते ठरावीक हवाई क्षेत्रात, आणि टॉवर नसलेले कितीतरी विमानतळ त्याबाहेर आहेत. दहा मैलांवर स्क्रीन बघून कुठून शिरायचं ते ठरवा, तीन मैलांच्या आत नजर बाहेर ठेवा. वीजयंत्रणाच नसलेली जुनी पायपर कब त्या स्क्रीनवर दिसत नाही, आणि ती फ्रिक्वेन्सीवरही नसू शकते.