.२२ चं पिस्तूल .३२ करायचं: कन्व्हर्जन संच घ्यावा की दुसरं पिस्तूल?

२५ मीटरवर .२२ ने स्टँडर्ड किंवा स्पोर्ट पिस्तूल खेळणारा नेमबाज सेंटर फायरकडे (बुडाच्या मधोमध मार बसून पेटणाऱ्या, मोठ्या कॅलिबरच्या काडतुसांच्या स्पर्धेकडे) वळला की त्याच्यासमोर दोन रस्ते असतात. आहे त्याच फ्रेमवर .३२ चा कन्व्हर्जन संच (कॅलिबर बदलणारे सुटे भाग) चढवायचा किंवा .३२ चं स्वतंत्र पिस्तूल घ्यायचं. ९ मिमी किंवा .४५ चं पिस्तूल असलेल्यांसमोर हाच प्रश्न उलट्या दिशेने येतो, कारण त्यांना स्वस्त सरावासाठी .२२ हवं असतं. दोन्ही बाबतीत किमतीआधी एक गोष्ट तपासावी: अदलाबदल केल्यावर ग्रिप आणि ट्रिगर तेच राहतात का? राहत असतील तर संचाला अर्थ आहे. राहत नसतील तर संच घेऊन फारसं काही वाचत नाही.

आधी नियम. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर रिमफायर, म्हणजे कडेवर मार बसून पेटणाऱ्या काडतुसांच्या प्रकारांत ५.६ मिमी म्हणजे .२२ लाँग रायफल चालतं. सेंटर फायरमध्ये ७.६२ ते ९.६५ मिमीपर्यंतचं कुठलंही कॅलिबर चालतं, मॅग्नम सोडून. दोन्हींत ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा, रिकाम्या मॅगझिनसह वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, बॅरल १५३ मिमीपर्यंत आणि पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर २२० मिमीपर्यंत. पिस्तूल ३०० × १५० × ५० मिमीच्या पेटीत मावायला हवं. म्हणजे एकच फ्रेम दोन्हीकडे नियमात बसू शकते. मात्र .३२ चा अप्पर, म्हणजे बॅरल-बोल्टसह फ्रेमवर बसणारा वरचा भाग, वजनाने वेगळा असतो. .२२ वर पुढे लावलेली वजनं तशीच ठेवून संच चढवला तर १४०० ची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. संच बसवल्यावर पुन्हा तोलणं हे पहिलं काम.

कॅलिबर मोठं असेल तर गुण जास्त मिळतील असं वाटून काहीजण .३८ कडे बघतात. सेंटर फायरच्या कागदी टार्गेटवर वादग्रस्त छिद्र तपासायचा गेज ९.६५ मिमीचाच असतो, गोळी .३२ ची असो वा .३८ ची. त्यामुळे .३८ चा गुणांत फायदा नाही, धक्का मात्र वाढतो. बहुतेक नेमबाज .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॅडकटरवर (सपाट तोंडाच्या गोळीच्या टार्गेट काडतुसावर) येऊन थांबतात ते यामुळेच.

या दोन काडतुसांतला फरक आकड्यांत बघा. .२२ ची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम, वेग साधारण ३०० मीटर प्रति सेकंद. .३२ वॅडकटरची गोळी ९८ ते १०० ग्रेन, म्हणजे ६.४ ग्रॅमच्या आसपास, वेग साधारण २४०. वजन आणि वेग गुणले तर .३२ चा संवेग .२२ च्या जवळजवळ दुप्पट येतो. गोळी जड आणि संथ असल्यामुळे ती बॅरलमध्ये जरा जास्त वेळ राहते आणि तेवढ्यात पिस्तुलाचं तोंड वर उचललं जायला सुरुवात झालेली असते. म्हणून पकड सैल पडण्याची किंवा ट्रिगर सोडायची घाई करण्याची जी खोड .२२ मध्ये झाकली जाते, ती .३२ मध्ये टार्गेटवर उमटते.

पूर्ण अप्परचा संच

यात बॅरल, रिसीव्हर, बोल्ट, रिकॉइल स्प्रिंग, साइट आणि मॅगझिन असं सगळं बदलतं. फ्रेम, ग्रिप आणि ट्रिगर जागेवर राहतात. १९६८ मध्ये आलेलं वॉल्थर जीएसपी हे याचं नमुनेदार उदाहरण. त्याची .३२ ची आवृत्ती जीएसपी-सी, आणि दोन्हींचे भाग एकाच फ्रेमवर बसतात. पूर्वी सेंटर फायरला १३६० ग्रॅमचा ट्रिगर लागायचा, म्हणून जीएसपीत अख्खं ट्रिगर युनिटच काढून बदलता येतं: एक १००० ग्रॅमचं, दुसरं १३६० चं. आजच्या नियमाने १००० चं युनिट दोन्हीकडे चालतं. जुना संच १३६० च्या युनिटसह मिळाला तर ते बाजूला ठेवून .२२ चंच वापरून बघावं. बोटाला एकच ब्रेक (ट्रिगर सुटण्याचा क्षण) ओळखीचा राहणं हाच तर संच घेण्याचा मुख्य फायदा.

इथेच एक इशारा. जीएसपीच्या कुटुंबात ओएसपी नावाचं .२२ शॉर्टचं पिस्तूल होतं, जुन्या रॅपिड फायरसाठी. २००५ पासून रॅपिड फायरही लाँग रायफलवर आलं. .२२ शॉर्टची युनिटं जुन्या बाजारात स्वस्तात दिसतात, पण आजच्या आयएसएसएफ सामन्यात त्यांचा उपयोग नाही.

पूर्ण अप्परची साइट त्याच युनिटवर असते, त्यामुळे झीरो (साइटची जुळवलेली नेम) युनिटबरोबर राहतं. .२२ काढून .३२ चढवलं आणि परत .२२ वर आलात, तर साइटच्या दोन-तीन क्लिकपेक्षा जास्त फरक पडायला नको. पडत असेल तर युनिट दर वेळी एकाच जागी बसत नाही असं समजावं. कारण बहुधा दोहोंपैकी एक: जोडणीच्या पृष्ठभागावर साचलेला मळ किंवा कमी-जास्त आवळलेला स्क्रू. .२२ च्या गोळीवरचं मेण आणि जळकी पूड फ्रेमच्या खाचांत घट्ट बसते. तिच्यावरच .३२ चा अप्पर ठेवला तर तो केसभर वर राहतो.

अदलाबदलीचा क्रम कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा, पण काही गोष्टी सगळीकडे सारख्याच. मॅगझिन आधी बाहेर. मग बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्याने बघायचं आणि बोटानेही चाचपायचं. अप्पर काढल्यावर फ्रेमच्या खाचा आणि ट्रिगरभोवतीचा भाग सुक्या ब्रशने साफ करायचा. तिथे तेल ओतू नये, तेलात पूड कालवली की चिखल होतो. हॅमर पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत ठेवून नवा अप्पर पुढच्या आकड्यात अडकवून खाली बसवायचा आणि स्क्रू छोट्या ॲलन-कीने आवळायचा. लांब दांड्याच्या कीने जोर लावला की स्क्रूचं डोकं गोल होतं किंवा फ्रेममधले आटे जातात, आणि फ्रेमचे आटे गेले की दुरुस्ती महागात पडते. मग बोल्ट हाताने पाच-सहा वेळा मागे-पुढे करून बघायचा. पहिली फेरी एका काडतुसाची, दुसरी दोनची, मग पाचची. साधारण वीस-तीस फैरींनंतर स्क्रू पुन्हा तपासायचा.

शेवटी ट्रिगर तोलायचा. बॅरल उभं ठेवून १००० ग्रॅमचं वजन ट्रिगरच्या मधोमध टांगून उचलायचं; ट्रिगर सुटता कामा नये. सामन्यात तीन प्रयत्न मिळतात, घरी तीनही वेळा पास व्हायला हवं. काटावर बसवलेला ट्रिगर अप्पर बदलल्यावर काही ग्रॅमनी हलू शकतो.

.३२ मध्ये काय अडतं

.३२ एस अँड डब्ल्यू लाँग मुळात रिव्हॉल्व्हरचं काडतूस, त्यामुळे केसला (काडतुसाच्या धातूच्या नळीला) बुडाशी बाहेर आलेली रिम, म्हणजे कड, असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या पुढे यायला हवी. ती मागे राहिली तर वरचं काडतूस पुढे सरकताना खालच्यालाही ओढतं आणि बोल्ट अर्ध्यात थांबतो. दोष पिस्तुलाचा वाटतो, असतो भरण्याचा.

मॅगझिनची लांबी फक्त वॅडकटरला पुरते, कारण त्यात गोळी केसच्या तोंडाशी सपाट बसलेली असते. गोल नाकाची .३२ लाँग त्यात मावत नाही. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांची गोळी जरा वर राहिली किंवा केसचं तोंड नीट आत वळलं नाही, की काडतूस चेंबरमध्ये पूर्ण जात नाही. दारूचं मापही फार लहान असतं, त्यामुळे चुकून दुप्पट पडलं तरी केस ओसंडत नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये प्रकाश टाकून बघण्याला पर्याय नाही.

स्प्रिंग संचाबरोबर आलेलीच वापरावी. .२२ ची मऊ स्प्रिंग .३२ वर गेली तर बोल्ट मागच्या बफरवर (धक्का झेलणाऱ्या रबरी तुकड्यावर) आदळत राहतो, बफर फुटतो आणि पुढचा मार फ्रेम खाते. .३२ ची कडक स्प्रिंग .२२ वर आली तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी केस बाहेर पडण्याच्या खिडकीतच उभी अडकते. रबरी बफर ही खर्चाची वस्तू आहे. चीर दिसली की तो बदलायचाच, सुटा बफर नेहमी पेटीत असावा.

स्लाइड आणि बॅरलचा संच

९ मिमी किंवा .४५ च्या पिस्तुलावर .२२ बसवण्याची ही तऱ्हा. कोल्टने आपल्या १९११ या .४५ पिस्तुलासाठी असा संच १९३८ मध्ये काढला. .२२ च्या धक्क्यात जड स्लाइड मागे ढकलायची ताकद नसते. कोल्टने त्यावर तरंगता चेंबर वापरला, जो मागे सरकून धक्का वाढवतो, पण त्याच्याभोवती शिसं आणि कार्बन लवकर साचतो. नंतरच्या अनेक संचांनी हलकी ॲल्युमिनियमची स्लाइड पत्करली. सीझेड ७५ च्या कॅडेट संचात बॅरल आणि वरचा मोठा भाग स्थिर राहतो, फक्त मागचा तुकडा हलतो. साइट बॅरलसोबत स्थिर राहणं अचूकतेसाठी चांगलं, त्यामुळे या गटात मला ती रचना जास्त पटते.

सरावाला हे संच उत्तम. पण .२२ ची स्टँडर्ड स्पर्धा गंभीरपणे खेळायची असेल तर खास टार्गेट पिस्तुलाची जागा ते घेत नाहीत. ग्रिपचा कोन आणि ट्रिगरचा प्रवास मूळच्या मोठ्या पिस्तुलाचाच राहतो.

फक्त बॅरल बदलणं

केसचा बूड सारखा असेल तरच हे सरळ जमतं. ९ मिमी पॅराबेलम हे ७.६५ पॅराबेलमवरूनच आलेलं, म्हणून सिग पी२१० मध्ये या दोन कॅलिबरांत बॅरल बदलून काम भागतं. आयपीएससी (प्रॅक्टिकल नेमबाजी) खेळणारे .४० च्या पिस्तुलात ९ मिमीचं बॅरल टाकतात. .४० ची रिम १०.८ मिमीच्या आसपास, ९ मिमीची साधारण १० मिमी. त्यामुळे स्लाइडच्या तोंडात केस सैल राहते आणि एक्स्ट्रॅक्टरची (केस ओढून काढणाऱ्या आकड्याची) पकड कमी पडते. चालतं, पण केस सोडण्याच्या तक्रारी येतात. उलटं, म्हणजे ९ मिमीच्या स्लाइडवर .४०, असं करू नये. तिथे केसचा बूड मावतच नाही. आयपीएससीच्या स्टँडर्ड डिव्हिजनला मेजरसाठी (जास्त गुण देणाऱ्या जोरदार काडतुसांच्या वर्गासाठी) किमान १० मिमी कॅलिबर आणि १७० पॉवर फॅक्टर (गोळीचं वजन आणि वेग यांवरून काढलेला आकडा) लागतो, म्हणजे ९ मिमीचं बॅरल बसवलं की तिथे मायनरच (खालच्या वर्गातच) मोजलं जाणार.

मग दुसरं पिस्तूल कधी?

स्टँडर्ड आणि सेंटर फायर एकाच दिवशी किंवा लागोपाठ खेळत असाल तर. दोन सामन्यांच्या मध्ये स्क्रू सोडणं, साफ करणं, ट्रिगर पुन्हा तोलणं हा ताण नको. शिवाय फ्रेममधली एक स्प्रिंग मोडली तर दोन्ही स्पर्धा हातच्या जातात. .३२ भरपूर झाडणार असाल तरीही वेगळं पिस्तूल बरं, कारण फ्रेमची झीज वाटली जाते. वर्षभर .२२ आणि मधूनमधून सेंटर फायर, असा बेत असेल तर मात्र पूर्ण अप्परचा संच निःसंशय घ्यावा. ग्रिप तासून हाताला बसवायला लागणारे महिने त्यात वाचतात.

पैसे देण्याआधी दोन चौकश्या कराव्यात. तुमच्या फ्रेमची आवृत्ती त्या संचाला चालते का, हे फ्रेम नंबर देऊन कंपनीकडून लेखी घ्यावं. एकाच नावाच्या मॉडेलच्या जुन्या आणि नव्या फ्रेममध्ये खाचा वेगळ्या असू शकतात. आणि अनेक देशांत बॅरल किंवा बोल्ट हा स्वतंत्र परवान्याचा भाग ठरतो, म्हणून परवाना देणाऱ्या कार्यालयात आधी विचारावं.

जुना .२२ चा संच घेत असाल तर टॉर्च घेऊन चेंबरची कड बघा. रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर केलेल्या (काडतुसाशिवाय ट्रिगर दाबलेल्या) पिस्तुलात फायरिंग पिनने कडेवर खड्डा पाडलेला असतो आणि धातू आत फुगलेला असतो. तिथे केस अडकते, नीट निघत नाही. खड्डा उथळ असेल तर गनस्मिथ खास हत्याराने कड पुन्हा सरळ करतो. खोल असेल तर बॅरलची किंमत धरूनच भाव करा.