तलवारीची लाकडी मूठ: बाहेरून फळ्या जडवाव्यात की टँग आत लपवावा?

पातं घासून तयार झालं की बहुतेकजण आधी लाकूड शोधायला निघतात. शिसव बरं की साग, यावर तासभर खल होतो. खरं तर आधी बघायचा तो टँग, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग. तो रुंद, सपाट असेल तर दोन्ही बाजूंनी फळ्या बसतील. निमुळता असेल तर तो लाकडाच्या पोटातच जायला हवा. पातं आधीच तयार असेल, तर निम्मा निर्णय लोहारानेच घेऊन टाकलेला असतो. भट्टीवरचं काम अजून बाकी असेल, तर मात्र दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

फळ्यांची पद्धत घरातल्या लाकडी मुठीच्या बऱ्याच सुऱ्यांची. टँगच्या दोन अंगांना लाकडाच्या दोन फळ्या, मधे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा घट्ट डिंक, आणि आरपार पितळी पिना. सगळं काम डोळ्यांसमोर होतं, चूक लगेच दिसते. फळीची आतली बाजू काचेवर ठेवलेल्या सँडपेपरवर घासायची, टँगवर धरून उजेडाकडे बघायचं. फट दिसली तर पुन्हा घासायची. पिनांची भोकं मात्र पात्याला पाणी देण्याआधीच, म्हणजे ते तापवून, बुडवून कडक करण्याआधीच पाडून घ्या. पाणी दिलेल्या पोलादात साधा ड्रिल नुसता घसरतो. पिन ठोकून पसरवायचा मोह आवरा, त्याने फळी चिरते. इपॉक्सी धरून ठेवतं आणि पिन सरकू देत नाही, एवढं पुरे. साग वापरणार असाल तर त्यात अंगचं तेल असतं. चिकटवण्याच्या जरा आधी ॲसिटोनने पुसून घ्या.

मग तलवारीला हीच पद्धत का नको? आखूड, जड पात्याला खुशाल वापरा. लांब पात्याला मात्र वजनाचा हिशेब आड येतो. रुंद टँगचं सगळं लोखंड तळहाताखाली येऊन बसतं. तेवढंच वजन मुठीच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या गोळ्यात, म्हणजे पॉमेलमध्ये असतं तर पात्याचा तोल सावरायला जास्त उपयोगी पडलं असतं. टँग शेवटाकडे पातळ करत नेला किंवा मधे जादा भोकं पाडली तर भार कमी होतो, पण मेहनत वाढते. दुसरी कटकट ऋतूंची. लाकूड हवेतल्या ओलाव्याने आडवं फुगतं नि आक्रसतं, पोलाद जागचं हलत नाही. लाकूड आक्रसलं की टँगची कड बोटांना टोचायला लागते. शिवाय उघड्या कडेला घाम लागून गंज चढतो, तो वेगळाच.

लपवलेल्या टँगमध्ये या दोन्ही तक्रारी उरत नाहीत, पण आत काय चाललंय ते दिसतही नाही. अखंड ठोकळ्याला उभं भोक पाडणं ऐकायला सोपं वाटतं. लांब ड्रिल बिट लाकडाच्या रेषेबरोबर भरकटतो आणि भोक तिरकं जातं. टँगच लाल करून लाकडात जाळत घुसवायची जुनी युक्ती आहे. तिने आतलं लाकूड कोळसा होऊन ठिसूळ पडतं, आणि उष्णता पात्यापर्यंत चढली तर दिलेलं पाणी उतरतं. करायचंच असेल तर त्याच मापाची वेगळी सळई तापवा.

त्यापेक्षा ठोकळा उभा चिरून दोन अर्धे करणं मला केव्हाही पसंत. पटाशीने दोन्हींत टँगची खाच कोरायची. टँगला मेणबत्तीची काजळी धरायची, अर्धे दाबून बसवायचे आणि उघडून बघायचं. काळा डाग उमटला तिथेच लाकूड अडतंय. तेवढंच खरवडायचं, पुन्हा दाबायचं. डाग सगळीकडे सारखा आला की खाच जमली. मग अर्धे चिकटवून, मागून पॉमेल चढवून टँगचं दोन-तीन मिलिमीटर टोक हातोडीने हळूहळू पसरवायचं. हे टोक मऊ हवं, नाहीतर तडकेल. टोकाला आटे पाडून नट लावला तर मूठ पुढे कधीही उघडता येते, पण आट्यांच्या तळाशी टँग तेवढा कमजोर होतो. जपानी तलवारीत दोन अर्ध्यांची मूठ एका बांबूच्या खुंटीवर अडकते, टँगला डिंक लागतच नाही. उघडायला सर्वांत सोयीची आणि खाचेतली चूक अजिबात न खपवणारी अशी ती पद्धत.

पद्धत कुठलीही असो, पातं आणि टँग मिळतात तो आतला कोपरा काटकोनी नको, गोलाई हवी. तलवारी बऱ्याचदा तिथेच तुटतात. पात्याला मागून बारीक सळई वेल्ड केलेली असेल तर मूठ बसवण्याचे कष्ट घेऊच नका. ती भिंतीवर टांगायची वस्तू आहे.

माझा कौल: पहिलंच काम आणि आखूड पातं असेल तर फळ्या. लांब पातं आणि आडवा गार्ड, म्हणजे पातं आणि मूठ यांमधली हात राखणारी पट्टी असेल तर दोन अर्धे आणि पसरवलेलं टोक, कारण निमुळत्या टँगवर गार्ड मागून सहज सरकतो. रुंद टँगवर त्याच गार्डसाठी बरीच कापाकापी करावी लागते.

लाकडाची रेष मुठीच्या लांबीला धरूनच घ्या आणि मुठीचा आकार अंडाकृती ठेवा. गोल मुठीत धार कुठे वळली हे हाताला कळत नाही. हे सगळं करताना पात्याला जाड कापड गुंडाळून चिकटपट्टी मारा. शेवटी मूठ धरून पॉमेलवर तळहाताने थाप द्या. आतून खडखड आली तर फटीत इपॉक्सी ओतून आवाज दाबू नका. मूठ काढून खाच नव्याने जमवा.