बोललेलं लिहून दाखवणारं ॲप: शब्द नेमके, सूर गायब

मी दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लावते, तरी चारचौघांच्या गप्पांत निम्मं सुटतं. म्हणून बोलणं लगेच अक्षरांत दाखवणारं हे ॲप रोज वापरते.

आधी त्याचा मोठा गुण. पाय, बाय, माय हे तिन्ही ओठांवर अगदी सारखे दिसतात. ओठ वाचणाऱ्याला तिथे अंदाजच बांधावा लागतो. ॲप सहसा बरोबर लिहितं. व्याख्यान असो की डॉक्टरांच्या सूचना, डोळे झाकून वापरा.

गप्पांचं मात्र तसं नाही. बहिणीने विचारलं, ‘तू एकटी जाणार?’ शेवटी सूर चढला, भुवया वर गेल्या. पडद्यावर आलं, ‘तू एकटी जाणार.’ काळजीचा झाला हुकूम! आपण कितीतरी प्रश्न नुसत्या सुरावर विचारतो, आणि नेमका तोच इथे गळतो. ‘फार लवकर आलास’ यातला टोमणाही पडद्यावर कौतुक होऊन बसतो.

सगळ्यात जास्त खटकतो तो विलंब. 10 भाषांतल्या संभाषणांवरचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम 200 मिलिसेकंद जातात, असं त्यात दिसलं. म्हणूनच समोरचा जरा थांबला, की काहीतरी अडलंय हे ऐकणाऱ्याला लगेच जाणवतं. ॲपची अक्षरं उशिरा उमटतात, उमटलेली पुन्हा बदलतात. मग अडखळलं कोण, माणूस की ॲप? ‘येशील ना?’ला तत्काळ आलेलं ‘हो’ आणि चाचरत आलेलं ‘हो’ पडद्यावर एकच. माझ्यासाठी त्या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्यामुळे फोन टेबलावर आडवा ठेवू नका, मान खाली गेली की चेहरा हातचा जातो. मी तो स्टँडवर, बोलणाऱ्याच्या हनुवटीखाली दिसेल असा उभा करते. नजर चेहऱ्यावर, शब्द निसटला तरच पडद्यावर. चांगलं ऐकू येणारेही डोळ्यांनी ऐकतातच: ‘बा’ या आवाजाला ‘गा’ म्हणणारे ओठ जोडले, तर बहुतेक मोठ्या माणसांना ‘दा’ ऐकू येतं, हे मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी 1976 मध्येच दाखवलं.

5 पैकी 4 तारे. बनवणाऱ्यांना एक विनंती: हशा आणि टाळ्या तुम्ही कंसात दाखवताच, मग माणूस थांबला त्या जागी तीन टिंबंही टाका.